दुसरी फुंक

—नाही नाही, बाई, तिकडे बसा. त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर. ही पुढची खुर्ची आता गिऱ्हाइकांची राहिली नाही, तिच्यावर मी डबे मांडून ठेवलेत, मुद्दामच — मोकळी दिसली की माणसं येऊन बसतात अगदी मांडीला मांडी लावून. आणि तो मास्क नाकावर घ्या की जरा. हनुवटीला काय थंडी वाजते?... हां, अस्सं. रागावू नका हं, मी सगळ्यांनाच बोलतो. कालच पोलीस बँडच्या एका ट्रम्पेटवाल्याला जिन्यातून परत धाडला — छाती ही एवढी, मिशा ह्या एवढ्या, म्हणतो मला कोण अडवणार. म्हटलं, मी अडवणार. तुझा हुकूम खाली रस्त्यावर, इथे वर माझा. गेला पाय आपटत. आमची नववी पायरी अशी करकरली की म्हटलं मोडली बहुतेक. ती मी मुद्दाम नीट करत नाही. कोणी येतंय हे मला तिच्यावरून कळतं, मग कामात मान घातलेली असली तरी मास्क वर ओढून घेतो. तुम्ही आलात तेही तिनेच सांगितलं.

राहू द्या, राहू द्या, फोन आत ठेवा, मला सर्टिफिकेट नका दाखवू. दोन झाल्यात ना लशी? तिसरीही? उत्तम. माझ्याही तीन झाल्यात. घ्यायलाच पाहिजेत — लशीला नावं ठेवणारा माणूस इथे आला तर त्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही. पण सर्टिफिकेटला खोकला येत नाही, बाई, खोकला माणसाला येतो. आणि आकडे पुन्हा चढायला लागलेत, वाचता ना तुम्ही? म्हणून खिडकी उघडी, पंखा चालू, आणि आत एका वेळी एकच गिऱ्हाईक. तुमच्याबरोबर कोणी आलंय म्हणालात ना? खाली बसलेत? बाकावर? शहाणा माणूस. बसू दे. तो बाक बरोबर या खिडकीखाली आहे. आमचा मजला तरी कसला, माडीवरचं खोकं, इथून हात खाली सोडला तर बाकावरच्याच्या टोपीला लागेल. तिथे कोणी कुजबुजलं तरी मला इथे शब्दन् शब्द ऐकू येतो. परवा एक जोडपं लग्न मोडायचं ठरवत होतं. मला तर मुलीचं पटलं.

तर हे तुमचं क्लॅरिनेट. गाद्या सगळ्या नव्या घातल्यात — ह्या चाव्यांच्या खाली असतात ना, भोकं झाकणाऱ्या, त्या. जुन्या पार वाळून कडक झाल्या होत्या. वर्षभर पेटीतून बाहेर काढलेलं नाही हे आंधळाही सांगेल. सांध्यांची बुचं बदलली, एका चावीची स्प्रिंग मेली होती, तिला निरोप दिला. आता हवा गळते का ते बघा. हा रबरी फुगा, ब्लडप्रेशर मोजायच्या यंत्राचा, जुन्या बाजारात मिळाला. खालचं तोंड बुचाने बंद करायचं, भोकांवर बोटं ठेवायची, आणि वरून फुगा दाबायचा — ऐका. येतंय काही ऐकू? फुस्स वगैरे? नाही ना? म्हणजे गळत नाही. झालं काम. घ्या, पेटीत ठेवा, घरी जाऊन पोटभर वाजवा.

नाही, मी फुंकून दाखवत नाही. आणि तुम्हीही इथे फुंकायचं नाही. अहो, समजा वाजलं नाहीच, तर परत आणा, मी कुठे पळून जातोय? तुम्ही शाळेत संगीत शिकवता, तुम्हाला तर— काय म्हणालात? दोन फुंका? दोन फुंकांचं कोणी सांगितलं तुम्हाला?... ज्यांच्याकडून विकत घेतलंत त्यांनी. अच्छा. काय म्हणाले ते?... 'त्या मिस्त्रींकडे दोन फुंका झाल्याशिवाय वाद्य हातात घेऊ नका.' असं म्हणाले. असंच्या असं?... थांबा जरा, पाणी पितो. तोंड तिकडे वळवून पितो, तुम्ही बसा.

हं. पद्धत आमच्या वडिलांची. पहिली फुंक मिस्त्रीची, दुसरी मालकाची. म्हणजे कसं — काम झालं की खिडकी लावायची, पंखा बंद करायचा. का? तर गळती हवा फार हळू बोलते, पंखा चालू असला की ती ऐकूच येत नाही. मग मिस्त्रीने खालपासून वरपर्यंत सगळे सूर फुंकायचे, चांगली दहा मिनिटं. लाकूड श्वासाने गरम होतं, गरम झालं की सूर जरा वर चढतो, आणि वाद्याचं खरं दुखणं तेव्हाच कळतं. आणि ते गरम आहे तोवर, लगेच, मालकाच्या हातात द्यायचं. तोंडात धरायचा भाग फडक्याने पुसला न पुसला की दुसरी फुंक मालकाची. म्हणजे उद्या त्याने येऊन म्हणायला नको की मिस्त्री, तुमच्याकडे वाजत होतं, माझ्याकडे मुकं झालं. वडील म्हणायचे, वाद्य हातातून हातात देत नाहीत रे, तोंडातून तोंडात देतात. काय पण वाक्य! आता आठवलं की अंगावर काटा येतो. पण पन्नास वर्षं ह्या खोलीत असंच चाललं, आणि कोणाला सर्दीबिर्दी झाली तर आम्ही हसण्यावारी न्यायचो.

साथ आली तेव्हा पहिलं वर्ष मी सगळं बंद केलं. फुंक बंद, बंद खोली बंद, हा फुगा तेव्हाच आणला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर पोळायच्या आधीच फुंकत होतो, इतका शहाणा! मग लस आली. रांगेत पहिला उभा होतो मी, पहाटेपासून, घडीची खुर्ची घेऊन. पहिली घेतली, दुसरी घेतली, पंधरा दिवस बोटांवर मोजले, आणि सोळाव्या दिवशी ही खिडकी लावली. ह्या हाताने. फुगा खणात टाकला आणि म्हटलं, सुटलो बुवा एकदाचे.

बाई, तुमच्याशी खोटं कशाला बोलू — हे क्लॅरिनेट मी ओळखलं. आज नाही, गेल्या बुधवारी तुम्ही पेटी उघडलीत तेव्हाच. इथे बघा, तोंडात धरायच्या भागावर, वरच्या बाजूला, दोन खळगे पडलेत. डावा खोल, उजवा उथळ. ज्याचा पुढचा एक दात दुसऱ्यापेक्षा लांब, त्याने चाळीस वर्षं चावून पाडलेत ते. आमच्या दादाने. माझा थोरला भाऊ. गावाच्या बँडमध्ये पहिला क्लॅरिनेट त्याचा. आठ दिवस मी हे समोर ठेवून बसलोय. विचारीन विचारीन म्हणतोय आणि जीभ उचलत नाही. कोणाकडून घेतलंत?... शाळेतल्याच? ऑफिसातले कारकून. उंच? किडकिडीत? बोलता बोलता टेबलावर बोटं नाचवतात?... नाचवत नाहीत. गप्प असतात. तुम्ही विचारलं असेलच, वाजवता का म्हणून. काय म्हणाला?... 'मला वाजवता येत नाही.'

वा रे वा. वाजवता येत नाही! अहो, बोलायच्या आधी शिट्टी वाजवायला शिकलेलं पोर ते. बाटली दिसली की फुंक, नळी दिसली की फुंक, एकदा तर माझ्या सायकलच्या पंपात फुंकून तोंड काळं करून आला. म्हणून त्याचं नाव फुंक्या. खरं नावही होतं त्याला, शाळेत घालताना आम्हाला आठवावं लागलं. माझा पुतण्या. दादाचा एकुलता एक. बापाच्या शेजारी उभा राहून दुसरा क्लॅरिनेट वाजवायचा, आणि लोक म्हणायचे... आं? उठलात का? खिडकी? नाही नाही नाही, लावू नका. थंडी वाजतेय का? तिथे शाल आहे बघा, धुतलेली आहे. खिडकी नाही लावायची. इथे काही झालं तरी खिडकी नाही लावायची. का ते सांगतोच आता, बसा.

दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सात वर्षं झाली त्याला. माझी जुळली. मला दोन होत्या, एक दिली, त्यात काय मोठं. पण वहिनीने तेव्हापासून मला कुठे ठेवावं न् कुठे नको असं केलं. जेवायला बसलं की पहिलं ताट माझं, मग दादाचं. दादा म्हणायचा, अगं, मरणार होतो तो मी, हा नव्हे, आधी मला वाढ! ते ताट लक्षात ठेवा, पुढे येतं ते. तर काय सांगत होतो — दुसऱ्याची किडनी शरीर आपली मानत नाही, मग ती सख्ख्या भावाची का असेना. हाकलून द्यायला बघतं. म्हणून गोळ्या असतात, जन्मभर, शरीराची लढायची ताकदच मारून ठेवणाऱ्या. आता अशा शरीराला लस टोचली तर ते कप्पाळ शिकणार लढायला? हे माझं नाही, डॉक्टरीणबाईंचं. माझ्यासमोर सांगितलं त्यांनी, दादाला तपासणीला मीच घेऊन जायचो. म्हणाल्या, दोन्ही घ्या, घ्याच, पण यांना लागू किती पडतील ते सांगता येत नाही. अर्धी पडेल, कदाचित काहीच नाही पडणार. तेव्हा यांनी मास्क सोडायचा नाही आणि यांच्या आजूबाजूच्यांनीही सोडायचा नाही. आजूबाजूच्यांनीही, बाई. हे शेवटचं दादाने ऐकलं नाही, तो पडद्याआड शर्टाची बटणं लावत होता. मी ऐकलं. आणि घरी येऊन वहिनीला काय सांगितलं? म्हटलं, डॉक्टर म्हणाल्यात लस घ्या, काळजी नको. तिच्या जिवाला घोर नको म्हणून. आणि माझ्याही जिवाला नको म्हणून, खरं सांगायचं तर. वर्ष झालं होतं हो घाबरून घाबरून. कंटाळलो होतो मी.

खिडकी लावली म्हणालो ना, त्याच्या पुढच्या मंगळवारी दादा आला. दुपारी, जेवून. हेच क्लॅरिनेट. त्याआधी वर्षभर फुग्यावर तपासून न्यायचा आणि कुरकुरायचा — म्हणायचा, फुग्यात वारा असतो रे, श्वास नसतो. त्या दिवशी नवव्या पायरीवरूनच ओरडला, आज फुंकायचं हं, मिस्त्री! मी म्हटलं, फुंकू की, मालक! खिडकी लावली. पंखा बंद. दोघांचे मास्क त्या तिथे, त्या खिळ्यावर, एकावर एक. समोरासमोर बसलो — ही डब्यांची खुर्ची त्याची, हा स्टूल माझा — गुडघ्याला गुडघा. पहिली फुंक माझी. दुसरी त्याची. आणि मग तो थांबेचना. पाऊण तास वाजवत बसला. वर्षभराने ऐकत होतो मी त्याला इतक्या जवळून. मला रडू आलं, सांगायला लाज कसली. त्यालाही आलं. दोन म्हातारे बंद खोलीत गळे काढून रडतायत आणि मध्येच हसतायत. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, बायको असती तर तिच्यासमोरही म्हणालो असतो.

पाचव्या दिवशी दादाला ताप आला. आठव्या दिवशी दवाखान्यात नेलं. एकविसाव्या दिवशी फोन आला.

मग सुरू झालं, कुठून आलं, कोणी आणलं. माणूस गेला की खापर फोडायला कोणाचं तरी डोकं लागतं. आणि दादाला ताप यायच्या आधी, त्याच आठवड्यात, फुंक्या एका कार्यक्रमात वाजवून आला होता. मोकळं मैदान, सगळे लांब लांब उभे, वाजवणं संपलं की मास्क वर — मी विचारलंय त्याच्या सोबत्यांना. पोराने स्वतःला दोनदा तपासून घेतलं, दोन्ही वेळा काही निघालं नाही. पण वहिनी म्हणाली, तपासण्या चुकतात. नको जाऊस म्हणत होते, गेलास. तूच आणलंस घरात. दारात उभी राहून म्हणाली, आत येऊ दिलं नाही त्याला. तो बाहेरच्या पायरीवर, पायातलंसुद्धा काढलं नव्हतं, हातात ही पेटी. नुसता खाली बघत होता. आणि त्याच्या तोंडावर मला दिसलं, बाई, की ह्याला पटलंय. आईने म्हटलं आणि ह्याला पटलं. त्या दिवसापासून बँड सोडला, घर सोडलं, भाड्याच्या खोलीत राहायला गेला. आणि मी कुठे होतो? तिथेच. फाटकाला टेकून. दोघांच्यापासून दहा पावलांवर.

अहो, पुन्हा काय ती खिडकी! हात काढा बरं तिथून. काय? हळू बोलू? का म्हणून? मास्कमधून हळू बोललं तर तुम्हालाच नाही ऐकू येणार. बाहेर ऐकू जाईल तर जाऊ दे, रस्त्यावरच्या माणसाला काय पडलंय माझं. आता तोंडातून निघायलाच लागलंय तर निघू दे. वर्ष झालं, बाई, वर्ष. ह्या भिंतींना सांगून सांगून त्याही कंटाळल्या असतील.

त्या मंगळवारी सकाळी माझा घसा खवखवत होता. झालं, बोललो. फार नाही, थोडासा. गाद्या चिकटवायला लाख वितळवतो मी, तिचा धूर रोजच बसतो घशात, म्हटलं तेच असेल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. शनिवारी एक सॅक्सोफोनवाला इथे फुंकून गेला होता, शिंका देत होता चांगल्या, म्हणाला धुळीचं वावडं आहे. मी हो म्हटलं. का नाही म्हणणार? त्याचीही लस झालेली, माझीही झालेली. दादा यायचा होता दुपारी. फोन करून सांगावं का आज नको येऊस — हे मनात आलं होतं. नाही आलं असं नाही. चहा पिताना आलं, चहा संपेपर्यंत गेलं. म्हटलं, आपली झालीय, त्याची झालीय, आता काय होतंय.

त्याला ताप आल्याचं कळलं त्या दिवशी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, जिथे मला कुत्रं ओळखत नाही, आणि तपासून घेतलं. कागद आला. मला निघालं होतं. इथेच आहे तो, ह्या खणात, फुगा ठेवतो त्याच्याखाली. कागद आला तोवर घसा बरासुद्धा झाला होता! दोन दिवस खवखव, एक दिवस अंग मोडून आलं, बास. एका किडनीवर चाललेला माझ्यासारखा म्हातारा तीन दिवसांत उठून कामाला लागेल असा झाला, ते कशामुळे? लशीमुळेच. तिने तिचं काम चोख केलं हो, मला वाचवलं. पण मला वाचवलं म्हणजे मी दुसऱ्याला द्यायचा थांबलो असं नव्हतं. आणि माझ्याकडून ज्याला गेलं त्याच्या अंगात ती लागूच पडलेली नव्हती. मला हे कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणू? सांगितलं होतं. माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आजूबाजूच्यांनीही म्हणून. दहा दिवस दुकान बंद ठेवलं, पाठ धरलीय अशी थाप मारली, आणि गप्प बसलो.

आणि अजून एक. हे मी भिंतींनाही सांगितलेलं नाही. दादाला न्यायला गाडी आली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो, लांब, मास्क लावून. गाडी निघाली, माझ्यासमोर जरा थांबली, दादाने काच खाली केली. धाप लागली होती त्याला. तरी ओरडून विचारलं — घसा कसा आहे रे तुझा? एवढंच. मी घशाचं त्याला बोललो नव्हतो, बाई. एका शब्दाने बोललो नव्हतो. पण माझा श्वास साठ वर्षं ऐकलेला माणूस तो, पहिल्या फुंकेत त्याच्या कानाने टिपलं असणार. तेव्हाच टिपलं आणि तरी दुसरी फुंक घेतली? की अंथरुणात पडल्यावर उमगलं? आता कोणाला विचारू? मी म्हटलं, बरा आहे. त्याने हात केला, काच वर गेली. आणि दवाखान्यात तो कोणाला काही बोलला नाही. आपलेच दात आपलेच ओठ, म्हणून गिळून गेला. त्याला काय ठाऊक, त्याने झाकलेलं त्याच्याच पोराच्या माथी बसणार आहे!

मग मी का नाही बोललो? ते ताट, बाई. अजूनही दर रविवारी वहिनी जेवायला बोलावते. आता दोघंच. पहिलं ताट माझं. म्हणते, तुम्ही ह्यांना सहा वर्षं जास्त दिलीत, भाऊजी. आणि फुंक्याचं नाव निघालं की तोंड फिरवते. आणि मी जेवतो. माझा घास घशाखाली उतरत नाही असं सांगितलं असतं तुम्हाला, पण उतरतो. मागून घेऊन जेवतो. लाज वाटते मला, आत्ता तुमच्यासमोर वाटतेय, वहिनीसमोर वाटत नाही, हे कसं? तिथे बसलं की वाटतं, एवढा रविवार जाऊ दे, पुढच्याला सांगू. असे बावन्न गेले. त्या पोराने क्लॅरिनेट विकलं! बापाचे दात आहेत त्यावर. मनाशी काय म्हणत असेल विकताना? की ह्यानेच आपण बापाला मारलं? कार्यक्रमात वाजवायला हेच नेलं होतं त्याने त्या दिवशी, दादाचं मागून. आणि तुम्हाला मात्र सांगतो, दोन फुंका झाल्याशिवाय घेऊ नका. माझ्याकडेच पाठवतो. विश्वास बघा पोराचा.

तुम्ही एक कराल का? उद्या शाळेत तो भेटेल तेव्हा त्याला म्हणावं की... नाही. नको. तुम्ही नका काही सांगू, ते माझं मी सांगणार. ह्या रविवारी. वहिनीसमोर, हा कागद घेऊन. खरंच सांगणार, बाई, असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही... रडताय काय? अहो, तुम्ही कशाला रडताय, तुमचा कोण लागतो दादा? आणि सारखं त्या खिडकीकडे काय बघताय? मघापासून बघतोय मी, एकदा लावायला काय उठलात, दुसऱ्यांदा काय उठलात, हळू बोला काय...

बाई. खाली कोण बसलंय?

तुमच्याबरोबर कोण आलंय? सोबतीला... कोण आलंय सोबतीला?

सरका. सरका जरा, बघू दे मला.

...

टोपी आहे. तोंडाला मास्क आहे. वर नाही बघत. हात गुडघ्यांवर, बोटं नुसती पडलीत. तिथेच बसलाय तो, तुम्ही आल्यापासून. तिथेच ना? उठून कुठे गेला नव्हता ना मध्ये? बोला की हो. नुसती मान काय हलवताय.

फुंक्या.

...

उठला. बाई, उठला तो. रस्त्याकडे... नाही. रस्त्याकडे नाही. कुठे गेला? दिसत नाही इथून. भिंतीला लागून गेला, जिन्याच्या बाजूला. गेला की येतोय? श्श. बोलू नका. पंखा बंद करा तो, काही ऐकू येत नाही मला. नको, नको, राहू द्या, चालू राहू द्या.

ऐकलंत? नववी.

तुम्ही निघा आता. क्लॅरिनेट ठेवा तिथेच, माझ्या टेबलावर, हो, उघडंच. जिना अरुंद आहे, तो आत आला की मग उतरा. आणि दार लावू नका, बाई. खिडकीही नको.